चटणीचा हिशेब

आमच्या जुळे सोलापुरात शेजार टिकून आहे तो पाण्यामुळे. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येतं, कधी पहाटे, कधी ऐन दुपारी, आणि ते आलं की सगळी गल्ली कंपाउंडला येऊन उभी राहते. मोटर चालू, पाइप हौदात, हाताला काही काम नाही. अशा वेळी बाईमाणूस बोलणार नाही तर काय करणार? माझ्या आणि शेजारच्या अक्कांच्या मधली भिंत कमरेएवढी आहे. ती आणखी दोन फूट वाढवू या, असं आमच्या ह्यांनी एकदा सुचवलं होतं. दोन्ही घरांतून एकाच वेळी विरोध झाला.

गेल्या मंगळवारी पाणी सकाळी सहाला आलं. अक्का माझ्या आधीच भिंतीला टेकून उभ्या, अंगात स्वेटर, डोक्याला स्कार्फ. रविवारचं काहीतरी पोटात आहे आणि ते पाण्याच्या आधी बाहेर येणार, हे तोंड बघूनच कळलं.

"झाली का पार्टी जावयाची?" मी विचारलं. लग्नाचा वाढदिवस म्हणून पुण्याहून लेक-जावई आले होते आणि सगळे बाहेर जेवायला गेले होते, एवढं मला ठाऊक होतं.

"पार्टी कसली ओ वैनी, परीक्षा होती ती! पोरांचा पेपर तीन तासांचा असतोय, आमचा पंचावन्न मिनिटांचा."

पंचावन्न म्हटल्यावर मला सगळं कळलं. महाराष्ट्रात हा आकडा आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. 2018च्या सुमारास घरोघर दोन पक्ष पडले होते, ते कुठल्या निवडणुकीतही पडले नसतील : दीक्षित की दिवेकर? डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणतात, खाल्लं की इन्सुलिन सुटतं, म्हणून कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, तेव्हाच जेवा, प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपा आणि रोज 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा. मूळ विचार नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे दीक्षित स्वतःच सांगतात. पलीकडे ऋजुता दिवेकर. आजी खायची ते खा, तुपाला भिऊ नका, दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा. अक्कांचा जावई पहिल्या पक्षाचा आणि लेक दुसऱ्या. अशी दोन माणसं एका स्वयंपाकघरात नांदतात याचं मला जावयाच्या वजनापेक्षा जास्त कौतुक आहे.

"तर काय झालं," अक्का सांगू लागल्या, "साडेसातला पोचलो. रविवार, त्यात लगीनसराई. टेबल मिळायलाच अर्धा तास. बसलो, ऑर्डर दिली. पोरगा सांगत्येला, मी अन्न समोर आल्याबिगर तोंडात काही घालणार नाही. बरं म्हटलं. तेवढ्यात आला मसाला पापड. आमच्या मामांना तुम्ही ओळखता की. जावई हात बांधून बसलाय बघून त्यांचा जीव राहीना. तुकडा मोडला, कांदा-टोमॅटो भरला आणि दिला त्याच्या हातात. सासऱ्यानं दिलेलं नको कसं म्हणणार? खाल्ला बिचाऱ्यानं. लगेच आमची लेक घड्याळ बघून म्हणती, 'आठ वाजून पाच. सुरू झालं तुमचं!'"

मोटरच्या आवाजात मला हसू दाबता आलं नाही.

"हसू नका, पुढं ऐका. घड्याळ सुरू झालं म्हटल्यावर त्यानं विचार केला, मिनिटं जायलीतच तर रिकामं कशाला बसायचं. मग कडक भाकरी, मग शेंगाचटणी, दही, परत चटणी. वेटर दोनदा वाटी भरून गेला. सूप आलं साडेआठला. भाज्या आल्या पावणेनऊला. राहिली किती? पंधरा मिनिटं! त्यात तीन भाज्या, भाकऱ्या, जिरा राईस. हुतात्मा एक्स्प्रेस सुटायलीय आणि डबा अजून हातात आहे, असा जेवला ओ तो. नऊला एक मिनिट कमी असताना आइस्क्रीमचा शेवटचा चमचा. आणि वर म्हणतो, 'बघा मम्मी, नियम मोडला नाही!'"

"नाहीच मोडला की."

"नियम नाही मोडला. खुर्चीची मात्र मला काळजी वाटत होती."

आता खरं सांगायचं तर हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट नव्हती ती. हॉटेलात वजन वाढवतं ते जेवण नव्हे, जेवण येईपर्यंतचा वेळ, असं माझं गेल्या काही वर्षांचं निरीक्षण आहे. मागवलेलं आपण विचार करून मागवतो. नानऐवजी भाकरी सांगतो, पनीर नको म्हणतो, गोड टाळतो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटतो. न मागता जे टेबलावर येतं, त्याला मात्र आपण खाणं समजतच नाही. इतर गावांत ते व्हिनेगरमधले कांदे असतील, लोणचं असेल. ते माणूस खाऊन खाऊन किती खाईल? सोलापुरात येते शेंगाचटणी.

म्हणून मी विचारलं, "अक्का, त्यानं भाकऱ्या किती खाल्ल्या?"

"दोन. मोजून. तो मोजतोच."

"आणि चटणी?"

अक्कांनी पाइप हौदाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात टाकला. हौदात पाणी सगळीकडं सारखंच चढतं, हे त्यांनाही माहीत आहे.

"चटणी कोण मोजतंय ओ?" त्या शेवटी म्हणाल्या.

हाच तर सगळा घोळ आहे. आपल्याकडं हॉटेल चांगलं की वाईट हे लोक चटणीवरून ठरवतात. भाजी थोडी इकडंतिकडं झाली तर माफ, पण चटणी कोरडी लागली की गिऱ्हाईक परत येत नाही. चांगली चटणी म्हणजे उखळात इतकी कुटलेली, की दाण्यानं स्वतःचं तेल सोडलं पाहिजे आणि बोटाला ती ओलसर लागली पाहिजे. वर पुन्हा आपण कच्च्या तेलाची धार सोडून घेतो. दह्यात कालवणारे स्वतःला संयमी समजतात.

गेल्या वर्षी अक्कांच्या लेकीनं आईला स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणून दिला होता. तो भिंतीवरून माझ्याकडं आला आणि बरेच दिवस माझ्याकडंच राहिला (अक्का वाचत असतील तर, परत देते). त्यावर मी एकदा चटणी तोलली. भाजी वाढायचा नव्हे, आपला जेवायचा मोठा चमचा भरून घेतला तर साधारण पंधरा ग्रॅम. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, म्हणजे त्या एका चमच्यात ऐंशीच्या वर. दोन चमचे चटणी आणि वर चहाच्या चमच्यानं एक चमचा तेल धरलं, तर दोनशेच्या पुढं गेलो. साठ ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरीही दोनशेच्याच आसपास भरते. म्हणजे जावयानं दोन भाकऱ्या मोजल्या आणि वाटी दोनदा भरून घेतली, त्यात आणखी दोन-तीन भाकऱ्या न मोजता गेल्या.

हे सगळं मी अक्कांना सांगितलं तेव्हा त्या आधी गप्प झाल्या आणि मग चिडल्या. "शेंगदाण्याला नावं ठेवू नका. ताकद असतीय त्यात."

असते की. शंभर ग्रॅमला पंचवीस ग्रॅम प्रोटीन. घरात जेवताना चमचाभर चटणी ताटाच्या डाव्या बाजूला पडते, तेव्हा ती गुणाचीच असते. पण हॉटेलात ती ताट यायच्या आधी येते. पोटात आग पडलेली असते आणि समोर कडक भाकरी. ती तर त्याहून लबाड. मऊ भाकरी मागितली की मोजली जाते, 'अजून एक' म्हणताना माणूस जरा लाजतो. कडक भाकरीचा आपण बोलता बोलता तुकडा मोडतो, आणि तुकड्याला आकडा नसतो. पाच माणसांत चार कडक भाकऱ्या संपल्या तरी प्रत्येकाला वाटतं, मी तर जरासा कोपरा मोडला होता.

"मग लिहून का ठेवत नाहीत हॉटेलवाले?" अक्कांनी विचारलं. "नातू सांगत होता, त्या बर्गरच्या दुकानात पाटीवर प्रत्येकाच्या पुढं आकडा लिहिलेला असतो म्हणे."

नातू बरोबर सांगत होता. जुलै 2022 पासून एफएसएसएआयचा तसा नियम आहे. ज्यांच्या दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा आहेत किंवा ज्यांचं केंद्राचं लायसन्स आहे, अशांनी पदार्थासमोर कॅलरी लिहायच्या. त्यामुळं झालं असं, की ज्या बर्गरला आपण शिव्या देतो तो आपलं वजन कपाळावर लिहून हिंडतो, आणि आपल्या गल्लीतली खानावळ मुकाट्यानं वाटी भरून जाते. नियम चुकीचा नाही. एका गल्लीत एक चूल असलेल्या माणसानं प्रयोगशाळेत चटणी कुठं पाठवायची? पण आकडा नसला म्हणजे कॅलरी नाहीत, असं आपणच ठरवून टाकलंय.

"तुमचं बरं आहे," अक्का म्हणाल्या, "तुम्ही मटणवाले. चटणीवर भूक भागवायची पाळी येत नाही."

अक्कांचं घर शुद्ध शाकाहारी. आमच्याकडं रविवार म्हणजे मटण आणि महिन्यातून एकदा सावजी खानावळ. तिथली आमची कहाणी जावयापेक्षा वेगळी नाही, हे मला मान्य करावं लागलं. आमच्या ह्यांना डॉक्टरांनी तेल कमी करायला सांगितल्यापासून हे खानावळीत 'सुकं नको, रश्श्यातलं द्या' म्हणतात आणि मोठा त्याग केल्यासारखे बसतात. रस्सा येतो. वर बोटभर लाल तर्री. ती तर्री म्हणजे दुसरं काही नाही, मसाल्यात रंगलेलं तेल. मोठ्या चमचाभर तेलाला सव्वाशेच्या जवळ कॅलरी. ह्यांनी त्यात भाकरी चुरली, आणि भाकरीइतकं तेल पिणारं भांडं जगात दुसरं नसेल.

मी मागच्या वेळी वाढप्याला हळूच म्हटलं, "दादा, वरची तर्री काढून द्याल का?"

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी देवळात जाऊन घंटा काढून ठेवा म्हटलं. मग आत जाऊन मालकाशी कुजबुजला. मालक स्वतः बाहेर आले. "ताई, मसाल्यात काही कमी पडलं का?" त्यांना समजावता समजावता रस्सा गार झाला आणि तर्री आपोआप वर साकळली. चमच्यानं काढून बाजूच्या वाटीत ठेवली. तेव्हापासून मी रस्सा आला की पाच मिनिटं नुसती बघत बसते. ह्यांना वाटतं मी प्रार्थना करते. आधी अळणी रस्सा मागवून प्यायचा, ही दुसरी युक्ती. गरम, पातळ, पोटाला आधार देणारा. त्यानंतर भाकरीवर तुटून पडायची घाई राहत नाही.

"पण जुनी माणसं हेच खायची की ओ," अक्का म्हणाल्या. "तुमचे सासरे?"

माझे सासरे लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. भोंगा झाला की डबा घेऊन चालत जायचे, आठ तास यंत्राच्या पुढं उभे, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. डब्यात चार भाकऱ्या, मुठीएवढी चटणी, कांदा. शेवटपर्यंत कमरेचं धोतर नीट बसत होतं. सोलापुरातल्या खानावळी गिरणीतल्या अशाच माणसांच्या भुकेवर पोसल्या. तर्री त्यांच्यासाठी होती. गिरण्या गेल्या, भोंगे गेले, तर्री तेवढी जागच्या जागी राहिली, आणि तिच्यापुढं आता दिवसभर बँकेच्या खुर्चीत बसलेले आमचे हे.

डॉक्टरांनी वजनापेक्षा कमरेचं माप घ्या म्हणून सांगितलंय. आपल्याकडच्या बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत, पुरुषाची 90च्या आत. मी ब्लाऊजच्या मापाची टेप काढली. ती इंचातली निघाली. साडेएकतीस इंच म्हणजे ऐंशी, हा हिशेब करायला मला नातेवाइकांतल्या एका इंजिनिअरला फोन करावा लागला. माझं माप मी इथं सांगणार नाही. अक्कांनी विचारलं होतं, त्यांनाही सांगितलं नाही.

"आमच्या मामांना मात्र जावयाचं ते दोनदा जेवायचं करू नका म्हणून सांगितलंय डॉक्टरनं," अक्का म्हणाल्या. "साखरेच्या गोळ्या चालू आहेत. उपाशी राहिले तर साखर खाली जाईल म्हणे. आधी विचारायचं, मग करायचं. म्हणून ते खूश. जावई उपाशी आणि सासरा दर दोन तासाला डबा उघडतोय, लेकीच्या पक्षात गेल्यासारखा."

"फिरायला तरी जातात की नाही?"

"रोज! कंबर तलावाला तीन चकरा. आणि तिथून बाहेर पडलं की उप्पीट. सगळा ग्रुपच जातो. परवा मला म्हणाले, आज वडा खाल्ला नाही, फक्त उप्पीट. मेडलच द्यायचं राहिलं."

मी त्यांना माझा बाहेर जेवायचा क्रम सांगितला. शहाणपणा म्हणून नव्हे, चार वेळा फसल्यावर सुचलेला म्हणून. टेबलावर बसल्या बसल्या वेटरला सांगायचं, चटणी भाकरीबरोबरच आणा, आधी नको. आधी ताक आणा, पातळ. काकडी आणा. चटणीची वाटी आली की ती टेबलावरच्या सगळ्यात बारीक माणसाच्या पुढं सरकवायची. त्याला काही होत नाही आणि आपला हात पोचत नाही. तिघांत दोन भाज्या, हाफ मिळत असेल तर हाफ. उरलं तर पार्सल, आणि पार्सल मागताना लाजायचं नाही. सोलापुरात पार्सलला लाजणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आपण लाजतो ते 'पुरे' म्हणायला.

"तेच तर," अक्का म्हणाल्या. "पुरे म्हणलं की समोरच्याला वाटतं रागावली. मी आजवर कुणाच्या घरात पुरे म्हणून सुटले नाही. हॉटेलात कसली सुटते? आमचे मामाच वेटरच्या आधी वाढतात."

आणि लेक? ती पुण्याला ज्वारीची भाकरी औषधासारखी खाते, हे अक्कांचं आवडतं गाऱ्हाणं. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाल्यापासून तिकडच्या हॉटेलात भाकरीचा भाव वाढला आणि नाव बदललं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा माहेर तिथलंच असल्यामुळं अक्कांना जो अभिमान वाटला, तो लेकीकडच्या हॉटेलच्या मेनू कार्डावर मिलेट हा शब्द बघून उतरला. "आम्ही जन्मभर खाल्ली तेव्हा गरिबाचं खाणं. आता एक भाकरी चाळीस रुपयाला, तीही तळहाताएवढी," असं त्या म्हणतात. मी म्हटलं, "तळहाताएवढी आहे हे एका दृष्टीनं बरंच की." त्यावर त्यांनी माझ्याकडं जे पाहिलं ते लिहिण्यासारखं नाही.

नळ आता सूं सूं करायला लागला होता. अक्कांना खरं सांगायचं होतं ते अजून राहिलंच होतं, हे तेव्हा कळलं.

"वैनी, संक्रांतीला परत येणार आहेत दोघं. सिद्धरामेश्वराची यात्रा, अक्षता, नंदीध्वज, गड्डा, सगळं बघायचंय म्हणतात. आणि मधल्या दिवशी भावाच्या शेतात हुरडा. तुम्ही पण यायचंच. पण मला काळजी ती त्या पंचावन्न मिनिटांची. हुरडा कसा असतो, तुम्हाला माहितीय. आगटीत कणीस भाजायचं, चोळायचं, मूठभर द्यायचं. परत दुसरं. मधी चटणी, गूळ, दही, बोरं, ऊस. सकाळी दहाला बसलं तर दुपारचे दोन वाजतात. त्यानं कधी सुरू करायचं आणि कधी संपवायचं?"

मी विचार केला. दीक्षितांना विचारायला हवं. दिवेकरांचं उत्तर मला पाठ होतं : मूठ-मूठ, थोडं थोडं, दर थोड्या वेळानं. "त्या दिवसापुरता त्याला बायकोच्या पक्षात घ्या," मी म्हटलं.

"आणि चटणी?"

"ती माझ्या पुढं ठेवू नका म्हणजे झालं."

अक्का आत गेल्या. मला वाटलं मोटर बंद करायला. परत आल्या त्या स्टीलची वाटी घेऊन, वर बशी झाकलेली. काल रात्री कुटलेली, म्हणाल्या. बशी बाजूला केली तर वाटीच्या कडेला तेलाची लाल रेघ सुटलेली.

"अक्का, आत्ताच तर मी सगळं सांगितलं!"

"सांगितलं की. मी कुठं नाही म्हणायले?" त्यांनी वाटी भिंतीवर ठेवली. "तोलून खा. काटा तुमच्याकडंच आहे. आणि वाटी माझी आहे, मोकळी परत देऊ नका."